रकान्यात न मावणारे ‘नाही’

अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी, जे शिवालय साडेनऊ शतकांहून अधिक काळ ऊनपाऊस सोसत उभे आहे, त्याच्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे निघालेल्या माणसाला वर चढावे लागत नाही, तर वीसएक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. आणि खाली पोहोचून मान वर करावी तो डोक्यावर शिखराचा बंदिस्त अंधार नसून आकाशाचा एक तुकडा दिसतो, कारण गाभाऱ्यावरचे शिखर अर्ध्यावरच थांबलेले आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी जत्रा भरते. उल्हासनगरच्या कॅम्पांतून, बदलापूर-कुळगावातून, कल्याणच्या पेठांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि रांगा रस्त्यापर्यंत जातात. त्या रांगेच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ, एखादा गृहस्थ हातात मुलांच्या पिशव्या घेऊन उभा असतो. आत का जात नाही असे कोणी विचारले तर तो शांतपणे म्हणतो, “तुम्ही जाऊन या. मी मानत नाही.” असा माणूस ज्याने पाहिला नाही असा मराठी वाचक क्वचितच असेल. परंतु तो जे म्हणाला त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र आपण त्याला कधी विचारीत नाही. कारण अर्थ आपल्याला कळलाच आहे अशी आपली समजूत असते.

वास्तविक ‘मानणे’ हे मराठीतील एक अत्यंत भारदस्त आणि तितकेच बहुरूपी क्रियापद आहे. ‘पृथ्वी गोल आहे असे मी मानतो’ येथे ते बुद्धीचा निर्णय सांगते. ‘गाव पाटलाला मानतो’ येथे ते आदर, अधिकाराची मान्यता, प्रसंगी आज्ञापालनही सांगते. देवाच्या बाबतीत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. मग ‘देव आहे असे मी मानत नाही’, ‘देव नाही असे मी मानतो’ आणि ‘देवाला मी मानत नाही’ ही तीन वाक्ये, जी वस्तुतः तीन निरनिराळ्या मनःस्थितींची द्योतक आहेत, बोलताना एकमेकांत विरघळून ‘मी मानत नाही’ एवढीच उरतात. पहिल्यात केवळ एका विश्वासाची अनुपस्थिती आहे. दुसऱ्यात एक ठाम प्रतिपादन आहे आणि त्याचे दायित्व बोलणाऱ्यावर पडते. तिसऱ्यात अस्तित्वाचा प्रश्नच नाही, निष्ठेचा आहे. ‘नाही’ हा शब्द वाक्यात कोठे पडतो आणि ‘देव’ या शब्दाला ‘ला’ हा प्रत्यय लागतो की नाही, एवढ्यावर माणसाची सारी भूमिका अवलंबून असते.

एका खुणेच्या वाचनाने केवढा फरक पडतो, याचा दाखला याच मंदिराने दिला आहे. येथील शिलालेखातील शकाचा आकडा डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचे दाखवले, आणि एका अंकाच्या वळणामुळे मंदिर एकदम दोनशे वर्षे अलीकडे आले. शके ९८२ म्हणजे सन १०६०, उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी माम्वाणी राजाचा काळ. राजाचे अमात्य आणि इतर अधिकारी यांची नावे त्या लेखात क्रमाने कोरलेली आहेत. राज्यकारभाराचे दफ्तर आणि देवाचे घर त्या काळी एकाच दगडावर येत असे.

त्या काळी या देशात कोणी न मानणारे नव्हते असे समजणे चूक ठरेल. मंदिराची पायाभरणी होण्यापूर्वी काही दशके उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे मांडली होती, आणि प्रमाणे मांडावी लागतात ती प्रतिपक्ष जिवंत असतो तेव्हाच. मंदिराच्याच समकाळात चंदेलांच्या दरबारी कृष्णमिश्राने ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटक रचले, त्यात चार्वाक एक पात्र म्हणून रंगभूमीवर येतो. मात्र ज्या शब्दाने आपण आज या सर्वांना ओळखतो तो ‘नास्तिक’ शब्द त्या काळी देवाशी बांधलेला नव्हता. पाणिनीने या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली ती ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी मती असण्यावरून, आणि टीकाकारांनी त्यात परलोक घातला. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. परिणाम असा की, जगाला कर्ता ईश्वर आहे हे साफ नाकारणारा पूर्वमीमांसक वेदप्रामाण्य स्वीकारतो म्हणून आस्तिकांच्या पंगतीला बसला. देव नाकारणे आणि नास्तिक ठरणे यांची ही फारकत आपण पुढे विसरलो; एकोणिसाव्या शतकात युरोपीय शब्दांना प्रतिशब्द शोधताना ‘नास्तिक’ हा जुना शिक्का आपण नव्या नाण्यावर उमटवला, आणि तेव्हापासून एकच शब्द अनेक प्रकारच्या माणसांवर बसतो.

त्या जुन्या काळातच एक ग्रंथ असा आहे की जो मला या विषयात सर्वांत अधिक मोलाचा वाटतो. जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ पाटणच्या ग्रंथभांडारात १९२६ मध्ये सापडला आणि पंडित सुखलालजी संघवी व रसिकलाल पारीख यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९४० मध्ये बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाली. चार्वाकांच्या परंपरेशी जोडला जाणारा हा पंडित ‘ईश्वर नाही’ असे सिद्ध करण्याच्या भरीस पडत नाही. तो एकेक प्रमाण घेतो, प्रत्यक्ष असो वा अनुमान, आणि त्याचे लक्षणच टिकत नाही असे दाखवून बाजूला ठेवतो. शेवटी त्याच्या हाती कोणताही सिद्धान्त उरत नाही आणि तो उरावा अशी त्याची इच्छाही दिसत नाही. न मानणे म्हणजे उलट काही मानणे नव्हे, हे त्याने आचरून दाखवले.

आपल्या नैयायिकांपाशी यासाठी नेमकी परिभाषा होती. घट घडण्यापूर्वी मातीत त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. घट फुटल्यानंतरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. ज्या बालकाच्या कानावर देवाचे नाव अजून पडलेलेच नाही त्याच्या मनातील विश्वासाचा अभाव पहिल्या जातीचा आहे, आणि ज्याचा विश्वास एखाद्या आघाताने भंगला त्याच्या मनातील अभाव दुसऱ्या जातीचा. बाहेरून दोन्ही सारखे रिकामे दिसले तरी पहिल्यात नुसती माती आहे आणि दुसऱ्यात खापऱ्या. ‘ईश्वर नाही’ हा निश्चय मात्र अभाव नव्हेच. ते एक ज्ञान आहे, खरे असेल किंवा खोटे, पण मनात भरीवपणे असलेले. ही परिभाषा आपल्या शाळा-महाविद्यालयांतून वादाच्या वेळी कोणी वापरीत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

मराठीत हा प्रश्न नव्या वेषात आणला तो गोपाळ गणेश आगरकरांनी. बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुन्या मराठी ग्रंथांचा जो ठेवा ध्यासाने जमवला आहे, तसल्या एखाद्या संग्रहात बसून ‘सुधारका’तील निबंध सलग वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधात आगरकर देवतांची कल्पना माणसाच्या मनात कशी उद्भवली असेल याचा माग स्पेन्सरच्या वाटेने काढतात; परंतु विश्वाच्या आदिकारणाविषयी बोलताना ते बुद्धीची मर्यादा मान्य करून थांबतात. म्हणूनच त्यांना अज्ञेयवादी म्हणण्याची प्रथा पडली आणि ती योग्य आहे. पुण्यातील सनातन्यांना हा भेद दिसला नाही, आणि त्यांनी जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. इकडे घरात यशोदाबाईंची व्रतवैकल्ये चालू होती आणि आगरकरांनी ती मोडली नाहीत. याला काहीजण दौर्बल्य म्हणतात. मला त्यात त्यांच्या विचाराची सुसंगती दिसते, कारण ज्याने ‘मला ठाऊक नाही’ असे म्हटले त्याला दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर हात टाकण्याचा अधिकार त्या वाक्यातून मिळत नाही. पुढच्या पिढीत ‘समाजस्वास्थ्य’कार रघुनाथ धोंडो कर्वे आले, त्यांचा ‘नाही’ निराळा होता. तो निश्चयाचा होता, आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

आगरकर लिहीत होते त्याच सुमारास, १८८९ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनासाठी चार्ल्स ब्रॅडलॉ मुंबईत आले. हिंदुस्थानचा कैवारी म्हणून त्यांचा येथे सत्कार झाला. पण इंग्लंडात त्यांचे नाव गाजले होते ते पार्लमेंटमधील शपथेच्या प्रकरणाने. १८८० मध्ये निवडून येऊनही निरीश्वरवादी म्हणून त्यांना सभागृहात बसू दिले गेले नाही, आसन मिळाले ते १८८६ मध्ये, आणि १८८८ मध्ये त्यांच्याच खटपटीने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा कायदा संमत झाला. हा मनुष्य आपल्या प्रतिपक्षाला कितीही कडवा वाटो, त्याने आपली भूमिका मांडली होती ती मोठ्या सावधपणे: ईश्वर नाही असे आपण म्हणत नाही, ईश्वर या शब्दाने तुम्ही काय सुचवता तेच आपल्याला कळत नाही, आणि म्हणून आपण त्या कल्पनेवाचून आहोत. ज्याला जगाने नकारवाद्यांचा मुकुटमणी मानले तो स्वतःला अभावाच्या बाजूस उभा करीत होता.

आता उल्हासनगरकडे येतो. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराची जी छावणी होती, तिच्या बराकींत १९४७-४८ पासून सिंधमधील निर्वासित उतरू लागले आणि पाहता पाहता त्यांची संख्या लाखाच्या आसपास गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यानंतर बरोबर दहा आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, दिल्लीत घटना समितीपुढे हरी विष्णू कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती मांडली. मतदान झाले, बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली. विरुद्ध मत देणाऱ्यांत निरीश्वरवादी किती असतील? भाषणे वाचली तर दिसते की विरोध करणाऱ्यांत ईश्वरभक्तही होते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे असे की, श्रद्धेसारखी अंतःकरणातील गोष्ट सर्वांवर लादणे हेच विचारस्वातंत्र्याच्या उलट आहे. पूर्णिमा बॅनर्जींनी तर ईश्वराला मतास टाकण्याची पाळी आणू नका अशी विनवणी केली. देव मानणारी माणसे देवाचे नाव नाकारीत होती. न मानण्याच्या या प्रकाराला आपल्या भाषेत नाव नाही.

ज्या निर्वासितांच्या बराकींवर तेव्हा नव्या नावाच्या पाट्या लागत होत्या, त्यांच्या श्रद्धेचा प्रकार तर कोणत्याही सरकारी फेरिस्तात न बसणारा होता. सिंधी हिंदूंच्या टिकाण्यांत, म्हणजे उपासनास्थानांत, गुरु ग्रंथसाहेब असे, घरात झुलेलाल हे दैवत, आणि सूफी पिराच्या दर्ग्यावर जाण्यात कोणाला विसंगती वाटत नसे. १८८१ च्या खानेसुमारीत सिंधमधील लाखाहून अधिक माणसे शीख म्हणून नोंदली गेली आणि दहा वर्षांनी तो आकडा जवळजवळ नाहीसा झाला; माणसे तीच होती, पूजाही तीच, बदलला होता तो कारकुनाचा रकाना. हे लोक गावातील देवघर, नदी आणि पिराची कबर मागे ठेवून आले. कोणाच्या मनात त्या प्रवासात काही मोडले असेल तर तो प्रध्वंसाभाव होता, आणि त्याला तर्काने आलेल्या निरीश्वरवादाच्या पंक्तीत बसवणे निर्दयपणाचे होईल. दुसरीकडे, प्राध्यापक राम पंजवानी यांनी मुंबईत झुलेलालाच्या उपासनेला आणि चेटीचंडाच्या उत्सवाला जे नवे चैतन्य दिले, त्यात भक्तीइतकाच विखुरलेल्या समाजाला एक खूण देण्याचा हेतू होता. आज उल्हासनगरात झुलेलालाच्या चालिहा व्रताचे चाळीस दिवस पाळणाऱ्यांपैकी कोणी देवासाठी पाळतो, कोणी आजीच्या सिंधसाठी. त्याला ‘तू मानतोस का’ असे विचारले तर तो होच म्हणेल, आणि ते खरेच असेल. फक्त तो मानणे या क्रियापदाच्या कोणत्या अर्थाने हो म्हणाला हे आपल्याला कळणार नाही.

अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत आणि काडेपेटीच्या कारखान्यात ज्यांनी उमर घालवली, त्या कामगारांनीही दसऱ्याला यंत्राला हार घातले ते असेच, मताचा निर्णय न करता.

मात्र या टापूत ज्यांनी निर्णय केला, आणि शब्द तोलून केला, त्यांच्याविषयी सविस्तर बोललेच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही गावांतील बौद्ध वस्त्यांतून त्या आज भिंतींवर लावलेल्या दिसतात, विहारांत एका सुरात म्हटल्या जातात, आणि मुलांना पाठ असतात. पाठ असलेल्या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही म्हणून त्यांतील पहिल्या पाचांची क्रियापदे पुन्हा वाचावीत अशी माझी विनंती आहे. पहिल्या तिन्हींत त्रिमूर्ती, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती आदी देवता येतात, आणि त्यांविषयीची प्रतिज्ञा ‘मानणार नाही, उपासना करणार नाही’ अशी भविष्यकाळी आहे. हा पुढे करायच्या आचरणाचा संकल्प आहे. शतकानुशतके ज्यांच्या देवळांच्या पायरीपाशी आपल्याला थांबवले गेले त्यांच्याविषयीची निष्ठा परत घेतल्याचे ते जाहीर बयान आहे. चौथी प्रतिज्ञा ईश्वराच्या अवतार घेण्याविषयी आहे आणि तेथे शब्द येतो तो ‘विश्वास नाही’. म्हणजे मनाची एक अवस्था, एक अभाव. पाचवीत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे या म्हणण्याविषयी, वाक्य एकाएकी होकारार्थी होते: ते खोटे आहे असे मी मानतो. हे निश्चयात्मक ज्ञान. नकार, अभाव, आणि निषेध, तिन्ही क्रमाने, आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रियारूप! ज्या माणसाने देशाची घटना कलमाकलमाने घडवली त्याच्या हातून हे सहज घडले असेल असे मला वाटत नाही. एखाद्या खेडूत स्त्रीच्या मुखी, जिला तर्कशास्त्राचा गंध नाही, त्याने न्यायशास्त्राइतका सूक्ष्म भेद ठेवला, आणि तो तिने पेलला.

त्याची नोंद दफ्तरातही झाली. १९५१ च्या खानेसुमारीत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये ते झाले २७,८९,५०१. रकान्यात हा शब्द लिहिणे सोपे नव्हते, कारण धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गेल्या त्या १९९० मध्ये कायदा बदलेपर्यंत. एवढी किंमत देऊन लिहिलेले उत्तर नुसत्या अभावाचे नसते.

बदलापूरच्या पलीकडे डोंगराकडेला ज्या ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, त्यांच्याकडे खानेसुमारीने आणखी एका नजरेने पाहिले. इंग्रजी अमदानीत काही दशके अशा समाजांपैकी अनेकांना भूतपिशाचपूजक अशा अर्थाच्या रकान्यात टाकले जाई, नंतर तो रकाना नाहीसा झाला आणि माणसे हिंदूंत मिळवली गेली. विश्वकर्ता एक ईश्वर आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या वाघदेवाच्या शेंदरी दगडापाशी कोणी उभाच केला नव्हता. तेथे ईश्वराविषयी जे काही नव्हते ते प्रागभावाचे होते. त्याला कोणी श्रद्धा म्हटले, कोणी अंधश्रद्धा, पण ‘हा प्रश्न येथे विचारलेला नाही’ असे लिहिण्यास फॉर्मवर जागा नव्हती.

आपल्या काळातील एक घटना येथे आठवते. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला. तो उभा राही, प्रार्थनेचा अवमान करीत नसे, फक्त हात जोडीत नसे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तशी सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: कोणत्याही सरकारी कागदावर धर्म जाहीर करण्याची सक्ती शासनाला करता येत नाही, आणि ‘मला धर्म नाही’ असे म्हणण्याचा हक्क विवेकस्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे. ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांचा आदल्या वर्षीच खून झाला होता त्या राज्यात हा निर्णय झाला हे विसरता येत नाही. आणि दाभोलकरांनी तर देवाच्या अस्तित्वाविषयी आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीला तटस्थ ठेवले होते. त्यांचा लढा फसवणुकीशी होता. तरी मारेकऱ्यांनी तो भेद केला नाही, जसा आगरकरांची प्रेतयात्रा काढणाऱ्यांनी केला नव्हता.

२०११ च्या खानेसुमारीत साऱ्या देशात धर्म न सांगितलेली माणसे सुमारे २८ लाख ६७ हजार भरली. आपण निरीश्वरवादी आहोत असे स्पष्ट सांगून तसे लिहवून घेणारी अवघी ३३ हजारांच्या घरात, आणि त्यांपैकी महाराष्ट्रात ९,६५२, इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. या ९,६५२ जणांत ‘देव आहे असे मी मानत नाही’ म्हणणारे किती आणि ‘देव नाही असे मी मानतो’ म्हणणारे किती, याचा तपशील त्या कागदात नाही. वालधुनीच्या काठी चपलांच्या ढिगाजवळ उभा असलेला तो गृहस्थ तर त्यांत बहुधा नसेलच. दारावर आलेल्या गणतीदाराला घरच्या कोणीतरी कुटुंबाचा धर्म सांगितला असेल आणि त्याचे नाव त्याच ओळीत इतरांखाली लिहिले गेले असेल. पायऱ्या चढून त्याची माणसे वर येतात. तो पिशव्या त्यांच्या हाती देतो, चपला शोधू लागतो, आणि धाकटीच्या कपाळावरचे ओले भस्म डोळ्यात उतरू लागलेले पाहून आपल्या रुमालाने हळूच टिपतो.